सैल रास

सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडतं ते दात बघायला. दातांवरून वय कळतं आणि वयावरून भाव ठरतो. शेवंतीचं तोंड मीही तसंच उघडलं होतं, दत्तजयंतीच्या यात्रेत, तापीकाठच्या पहाटेच्या थंडीत. दात पाहिले, घोडी सहा वर्षांची आहे असं ठरवलं आणि तोंड मिटू दिलं. जीभ पाहिली नाही. ती दिसली तीन आठवड्यांनी, घरी, दाढांना कानस मारायला आलेल्या पशुवैद्यांनी ती हातात धरून बाजूला ओढली तेव्हा. जिभेवर एक आडवी पांढरी खाच होती, करंगळी मावेल एवढी. खालच्या जबड्यावर, जिथे दात नसतात त्या जागी, दोन्ही बाजूंना टणक गाठी होत्या. "काटेरी लगाम," पशुवैद्य म्हणाले आणि पुढे काही न बोलता त्यांनी कानस उचलली.

त्या तीन आठवड्यांत शेवंतीने मला दोनदा खाली टाकलं होतं. लगाम घेऊन ठाणापाशी गेलं की ती मान वर करून भिंतीला चिकटायची. रास हातात घेतली की तोंड उघडून नाक आभाळाकडे. कालव्याच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी घेऊन गेला की ती उधळायची. मी रास ओढायची आणि ओढली की ती आणखी जोरात पळायची. मी सगळ्यांना सांगत होते की घोडी बुजरी आहे, ट्रॅक्टरला भिते. ट्रॅक्टरला ती भीत होतीच. पण ट्रॅक्टर दिसला की पाठोपाठ तोंडात काय होणार, तेही तिला ठाऊक होतं. तिच्या पळण्यातला निम्मा वाटा माझ्या हाताचा होता. हे कळल्यावर तो लगाम मी खुंटीला टांगला. हे पुस्तक त्यानंतरच्या दिवसांतून आलं आहे.

विषय एका ओळीत सांगता येतो: भेदरलेल्या घोड्याला तोंडात लोखंड नसलेल्या लगामावर पुन्हा शिकवणं. जुने लोक त्या लोखंडाला कडियाळं म्हणतात, रायडिंग स्कूलमधली मुलं बिट म्हणतात. मी सोयीसाठी बिटच म्हणणार आहे. पण या पुस्तकाचा खरा विषय बिट काढण्यापुरता नाही. बिट काढायला अर्धा मिनिट लागतो. बिट काढल्यावर हातांनी काय करायचं, हे शिकायला मला वर्ष लागलं, आणि ते वर्षच इथे पानापानावर आहे.

आपल्या भाषेत लगाम म्हणजे आवर. खर्चाला लगाम घालतात, जिभेला घालतात, मोकाट सुटलेल्या माणसाला घालतात. या बोलण्यात एक समजूत मुरलेली आहे: लगाम जितका घट्ट, तितका आवर पक्का. निवांत घोड्यावर ही समजूत खपून जाते, कारण त्याला ओढण्याची वेळच फारशी येत नाही. भेदरलेल्या घोड्यावर ती उलटते. असं का होतं, ते समजायला घोड्याचं तोंड नीट बघावं लागतं.

घोड्याच्या पुढच्या कापायच्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मध्ये काही बोटं रुंदीची मोकळी जागा असते. बिट बसतो तो तिथे, जिभेवर आणि खालच्या जबड्याच्या उघड्या कडेवर. या कडेवर मांस नसतं. वर पातळ अस्तर आणि खाली लगेच हाड. नडगीला खाटेची कड लागली की डोळ्यांपुढे काय येतं ते आठवा; जबड्याची ही कड नडगीसारखीच आहे. हलक्या हातात साधा बिट असेल तर घोडा तो वर्षानुवर्षं विनातक्रार वागवतो, हे मी पाहिलं आहे आणि ते नाकारणार नाही. पण हात नेहमी हलका राहत नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी २६१ शर्यतीच्या ट्रॉटर घोड्यांची तोंडं शर्यत संपल्या संपल्या तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले: ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, बिट बसतो त्या भागात, ताज्या जखमा होत्या. ते शर्यतीचे घोडे होते, रोजच्या रपेटीचे नव्हते, हे लक्षात घेऊनही आकडा लहान होत नाही. विशेष म्हणजे असल्या जखमा बाहेरून बहुधा दिसत नाहीत. शेवंतीच्या ओठांवरही काहीच दिसत नव्हतं.

काटेरी लगामाची तर गोष्टच वेगळी. आपल्याकडे १९६५ पासून, जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या नियमांत, काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे. तरीही वरातीत नाचवायच्या घोडीच्या तोंडात तो आजही सापडतो. बँडच्या आवाजात घोडी जागच्या जागी पाय उचलते, मान झटकते, फेस गाळते आणि बघणारे म्हणतात, काय नाचते! ती नाचत नसते. तिला पुढेही जाता येत नाही आणि मागेही.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं एकाच वेळी दिसतं. कपाळासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. हजारो पिढ्या तो एकाच उपायावर जगला आहे: संशय आला की आधी पळायचं, काय होतं ते लांबून बघायचं. दुखणं हीसुद्धा त्याच्या लेखी पळण्याचीच खूण. आता दुखणं तोंडातच बांधलेलं असेल, तर तो कितीही पळाला तरी ते त्याच्यासोबतच पळतं. वर बसलेला घाबरून आणखी ओढतो. भीतीने दुखणं वाढतं आणि दुखण्याने भीती. चारशे किलोच्या जनावराला माणसाच्या दोन हातांच्या ताकदीने थांबवता येत नाही. आजवर तो थांबत आला, कारण त्याने थांबायचं ठरवलं. उधळलेला घोडा असं काही ठरवण्याच्या स्थितीत नसतो.

त्यात आपली भीती त्याला आपल्या आधी कळते. स्वीडनमध्ये एक साधा, सुंदर प्रयोग झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा हाती धरून किंवा त्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, असं चार वेळा. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं की घोडा जवळून जाईल तेव्हा छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी चौथ्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. ज्याला भेदरलेला घोडा घडवायचा आहे त्याने हा प्रयोग मनावर कोरून ठेवावा. शिकवणीला आपल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

बिटाशिवाय घोडा चालवणं ही नवी टूम आहे, असं मला अनेकांनी सांगितलं. ते खरं नाही. हॅनिबलच्या फौजेतले उत्तर आफ्रिकेचे नुमिडियन स्वार गळ्यातल्या दोरीवर आणि हातातल्या काठीवर घोडे फिरवत. रोममध्ये इ.स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्राजनच्या स्तंभावर त्याच मुलखाचे मूर स्वार कोरले आहेत. त्यांच्या घोड्यांना लगाम नाही. स्पेनमधून अमेरिकेत गेलेल्या गुराख्यांनी, म्हणजे व्हाकेरोंनी, कॅलिफोर्नियात एक संपूर्ण शिक्षणपद्धत उभी केली. कोवळ्या घोड्याच्या नाकावर कातडी वेणीचा पट्टा आणि मानेवर घोड्याच्याच केसांची दोरी. त्या साजाचं स्पॅनिश नाव हाकिमा, त्याचंच पुढे हॅकमोर झालं. मूळ शब्द अरबी. बिट ते लोक फार उशिरा, घोडा सगळं शिकल्यावर द्यायचे. तोंड कोवळं आणि जागं राहावं म्हणून ही वाट पाहणं. या क्रमात मला मोठं शहाणपण दिसतं.

आज आपल्याला मिळणारे प्रकार मुख्यतः चार. पहिला सरळ बाजूचा: नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना रासा, डावी ओढली की नाक डावीकडे येतं. सुरुवातीला घोड्याला हाच सर्वांत लवकर उमगतो. दुसरा हनुवटीखाली फुली असलेला: कानांमागून आलेला पट्टा उजव्या गालावरून उतरतो, जबड्याखालून पलीकडे जातो आणि डाव्या कडीतून बाहेर पडून डाव्या राशीला मिळतो. डाव्या पट्ट्याचंही तसंच, उलट बाजूने. त्यामुळे डावी रास धरली की उजव्या गालावर हलका दाब येतो आणि डोकं डावीकडे सरकतं. तिसरा वर सांगितलेला हॅकमोर. चौथा लोखंडी दांड्यांचा, ज्याला मेकॅनिकल हॅकमोर म्हणतात. त्याच्या नावात हॅकमोर आहे म्हणून फसू नका. लांब दांड्यांमुळे हाताचा दाब कितीतरी पटीने वाढून नाकावर आणि हनुवटीखाली उतरतो. बुजऱ्या घोड्यासाठी नवख्या हातात तो देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

फुलीचा लगाम घरोघर पोचवण्याचं मोठं श्रेय रॉबर्ट कुक यांचं. ते अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. घोड्याचं नाक, घसा आणि श्वासमार्ग हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने घेतो. धावताना ओठ मिटलेले आणि जीभ स्थिर हवी, आणि नेमकं तेच बिट बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं. २००९ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर चार घोड्यांवरचा प्रयोग छापला. ज्यांनी बिनबिटाचा लगाम कधीच घातला नव्हता असे चार घोडे, चार मिनिटांची परीक्षा, आधी बिटासह आणि लगेच बिटाशिवाय. परीक्षकाने दिलेल्या गुणांची सरासरी ३७ टक्क्यांवरून ६४ वर गेली. पुढे ६६ घोड्यांच्या मालकांकडून त्यांनी वेदनेच्या खुणांची यादी भरून घेतली. बिट काढल्यावर त्या खुणा ८७ टक्क्यांनी घटल्या. हे आकडे मी उत्साहाने सांगते, पण त्यांची मर्यादाही सांगते. चार घोडे म्हणजे फार थोडे. यादी भरणारे मालक आधीच बिट सोडून बसलेले होते. आणि कुक स्वतः या लगामाचे पुरस्कर्ते. ज्या गोष्टीवर आपला जीव आहे तिच्या पुराव्याकडे दुप्पट बारकाईने बघावं, हे मला या अभ्यासाने शिकवलं.

बिट काढला म्हणजे वेदना संपली, असंही नाही. घोड्याच्या नाकाचं हाड खाली जाताना पातळ होत जातं आणि त्यापुढे मऊ कुर्चा सुरू होते. पट्टा कुर्चेवर बसला तर श्वास कोंडतो. गालातून एक मोठा मज्जातंतू बाहेर येतो. घट्ट, अरुंद पट्टा त्यावर घासला तर तेही तितकंच दुखतं. म्हणून पट्टा रुंद हवा, हाडावर हवा, आणि त्याखालून बोट सहज फिरलं पाहिजे. ओढणारा हात तोच राहिला तर लोखंड तोंडातून नाकावर आलं एवढाच फरक पडेल.

शेवंतीबरोबर आम्ही सुरुवात जमिनीवरून केली. आमच्या तबेल्यात मोतद्दार मामा आहेत. त्यांचं अख्खं आयुष्य घोड्यांत गेलं. नवा लगाम बघून ते म्हणाले, "ताई, हे म्हणजे बिनब्रेकाचा ट्रॅक्टर उतारावर सोडायचा." मी म्हटलं, "मामा, ब्रेक होता तेव्हा मी दोनदा पडले." ते गप्प बसले, पण रोज सकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले.

पहिले बारा दिवस मी घोडीवर बसलेच नाही. तिच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, डाव्या राशीत एक पेरभर दाब आणायचा आणि थांबायचं. ओढायचं नाही, वाढवायचं नाही, सोडायचंही नाही. पहिल्या दिवशी ती मान वर करून ताठ उभी राहिली. डोळ्यावरच्या कातडीला सुरकुती, वरचा ओठ आवळलेला, एक कान माझ्याकडे आणि दुसरा मागे. मी मनात आकडे मोजत होते. पन्नासच्या पुढे कधीतरी तिचं नाक बोटभर डावीकडे आलं. त्याच क्षणी मी रास सोडून दिली. पूर्ण सोडली, पोटरीपर्यंत लोंबू दिली. ती चकित झाल्यासारखी उभी राहिली. मग जीभ बाहेर काढून ओठ चाटले आणि एक लांब, फुरफुरणारा श्वास सोडला. कुंपणापाशी मामांनी विडी विझवली.

सगळं शिक्षण त्या सोडण्यात आहे. दाब घोड्याला प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं हे त्याला दाब गेल्यावरच कळतं. अर्धा सेकंद उशीर झाला तर घोडा भलतीच गोष्ट शिकतो, कारण सुटका झाली तेव्हा तो जे करत होता तेच त्याच्या लक्षात राहतं. ज्या घोड्याची रास कधीच सुटली नाही त्याला कुठलंच उत्तर बरोबर नाही, असं कळत जातं. आपण ज्याला हट्टी म्हणतो, बथ्थड म्हणतो, तो पुष्कळदा असा हरलेला विद्यार्थी असतो.

पुढचे टप्पे पुस्तकात सविस्तर आहेत, इथे नुसती ओळख. पहिल्या प्रकरणात आधीची तपासणी: दाढा, पाठ, खोगीर, नाल. पाठ दुखणाऱ्या घोड्याला कुठलाच लगाम शांत करणार नाही. दुसऱ्यात साजाची निवड आणि मापं. तिसऱ्यात जमिनीवरचे धडे: वळणं, थांबणं, मागे सरणं, मान खाली आणणं. चौथ्यात पहिली स्वारी, छोट्या बंद वर्तुळात, आधी चाल आणि मग दुडकी. पाचवं प्रकरण थांबवण्यावर आहे आणि ते घाईत वाचू नका. घोडा ताठरला की, अजून चालीत किंवा दुडकीत असतानाच, एका राशीने हळूहळू लहान होत जाणाऱ्या वर्तुळात वळवायचं असतं. भरधाव घोड्याची मान झटक्याने वळवली तर तो स्वारासकट आडवा होऊ शकतो. सहाव्यात भीतीच्या वस्तू: प्लॅस्टिकचा कागद, छत्री, मोटारसायकल, ट्रॅक्टर. तिथला नियम एकच. घोड्याला वस्तू दिसते, पण तो अजून विचार करू शकतो, त्या अंतरावर थांबायचं आणि तो श्वास सोडेपर्यंत उभं राहून परत फिरायचं. सातव्यात स्पर्धांचे नियम. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये बिट सक्तीचा आहे, उड्यांच्या स्पर्धेत हॅकमोर चालतो. म्हणून ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे त्याने आधीच विचार करावा.

हे पुस्तक कुणासाठी, याचं उत्तर मला सरळ देता येतं. माथेरानच्या लाल मातीवर दिवसभर अनोळखी माणसं पाठीवर घेणाऱ्या घोड्यांच्या मालकांसाठी. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड हौसेने घरी आणलेल्यांसाठी. ज्या घोड्याला आजवर रास ताणली म्हणजे पळ एवढंच शिकवलं गेलं, त्याच्यावर रास ओढून काही साधत नाही. गावोगाव लग्नाला घोडी देणाऱ्यांसाठी, कारण त्यांचा संसार त्या घोडीवर चालतो आणि तिचं तोंड सांभाळण्यात त्यांचंही हित आहे. ज्यांना बिटच वापरायचा आहे त्यांच्यासाठीही. हात सुधारला तर बिटही सौम्य होतो.

शेवंती अकराव्या आठवड्यात कालव्याच्या रस्त्यावर आली. मामा पुढे चालत होते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या, गाणं नेहमीसारखंच मोठं. तिचे कान पुढे गेले, मांड्यांखाली पाठ कडक झाली. माझी बोटं आपोआप आवळली. ते मला कळलं आणि मी ती उघडली. रास सैल झाली. ती थांबली, थरथरली, ट्रॅक्टर जाईपर्यंत चारी पायांवर उभी राहिली आणि मग मान खाली घालून फुरफुरली. मामा वळून म्हणाले, "चला ताई, पुढं." तेवढंच.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या कुणाला समोर उभं करा. त्यांनी डोळे मिटून दोरीची दोन टोकं दोन मुठींत धरायची, ते घोडा. मधला भाग तुमच्या हातात, तुम्ही स्वार. एका बाजूचा ताण इतका कमी करत जा की जेमतेम जाणवेल, आणि त्यांना विचारा, डावा की उजवा. मग जागा बदला. डोळे मिटून दोरी धरून उभे राहिलात की पलीकडच्या माणसाच्या मनातलं दोरीतून आधी कसं पोचतं, ते तुम्हाला कळेल. घोड्याला ते रोज कळत असतं.

नीरा उजव्या कालव्याकाठी
दत्तजयंती